डावा डोळा

आधी फक्त खालची पापणी.
दूध वर यायच्या आधी
कडेकडेनं जी बारीक थरथर असते, तेवढीच.
मिरजेहून मालूमावशी फोनवर म्हणाली,
डावा का? मग बाईमाणसाला शुभच.
काहीतरी चांगलं येतंय बघ.

आलं ते गालापर्यंत आलं.
मग ओठाचा कोपरा धरून
वर ओढायला लागलं,
खोडकर पोरानं पडद्याची दोरी ओढावी तसं.

मी हल शहरात जन्ममृत्यूच्या नोंदी करते.
शनिवारी लग्नंही लावते.
या विवाहाला कायद्यानं काही आडकाठी असेल तर
आत्ताच सांगा,
एवढं गंभीर वाक्य म्हणते
आणि नवऱ्या मुलाला डोळा मारते.
दोनदा वऱ्हाड हसलं.
तिसऱ्यांदा नवरी हसली नाही.

केळी खाऊन झाली. मॅग्नेशियम झालं.
चहा बंद केला, मग सुरू केला,
कारण चहावाचून नुसतंच डोकं दुखायचं.
वही ठेवली: किती वाजता, किती वेळ,
आधी काय घडलं.
वहीतून एवढंच निघालं की
हंबर नदीवरचा वारा, अर्धवट झोप
आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणणारी माणसं
यांनी ते वाढतं.

डॉक्टर प्रिचर्डनी स्कॅन दाखवला.
हा चेहऱ्याचा मज्जातंतू.
आणि ही धमनी, त्याला टेकलेली.
टेकलेली. बस्स.
दर ठोक्याला त्याला धक्का लागतो
आणि त्याला वाटतं, हुकूम आला.
म्हणजे वेड नाही, नजर नाही,
मी मनाला लावून घेते म्हणूनही नाही.
भिंतीला खेटून राहणारी एक शेजारीण
दिवसभर काहीतरी कुटत असते, इतकंच.
कवटी उघडून
दोघींच्या मध्ये छोटी गादी सरकवता येते,
पण त्याच भिंतीपलीकडे ऐकणं राहतं,
ते जाऊ शकतं.
विचार करते, म्हटलं.
अजून करतेय.

तोवर सुया. दर तीन महिन्यांनी
डोळ्याभोवती चार, गालात एक.
विषच ते, पण इतकं थोडं
की औषध म्हणतात.
आठवड्याभरात चेहरा गप्प होतो.
जरा जास्तच गप्प:
हसू एकटंच उजवीकडे जाऊन येतं,
सूप हनुवटीवर उतरतं,
रात्री डोळ्यात मलम घालून झोपायचं.
मग काही आठवडे तोंड अगदी माझं.
अकराव्या आठवड्यात पुन्हा
दूध कडेकडेनं हलायला लागतं.

अशाच अकराव्या आठवड्यात
मिस्टर ब्लेनकिन आले,
बायकोचा मृत्यू नोंदवायला.
टोपी मांडीवर.
नाव डोरीन. जन्म विदर्नसी.
व्यवसाय, मासे साफ करायच्या कारखान्यात, निवृत्त.
मी सहीसाठी पेन पुढे केलं
आणि त्यांना ठसठशीत डोळा मारला.

गाल तळव्यानं दाबून धरला.
माफ करा, म्हटलं, आजार आहे हा,
माझ्या हातात नाही.
ते बराच वेळ बघत राहिले.

डोरीन असंच करायची, म्हणाले.
पाहुणे उठेनात की टेबलापलीकडून मला.
बावन्न वर्षं.
मंगळवारी वॉर्डात सगळे जमले होते,
पाद्री, मुली, जावई, कुणी हलेना.
मी तिच्याकडेच बघत होतो.
म्हटलं, आता मारेल.

मला काही सुचलं नाही.
डोळ्याला सुचलं.

ते हसले, मग नाक शिंकरलं,
आणि सही केली
ती रेघेच्या बरीच खाली गेली.

गुरुवारी माझी सुयांची तारीख होती.
फोन करून एक आठवडा पुढे ढकलली असती
तर गोष्ट छान झाली असती.
नाही ढकलली.
वेळेवर गेले.
पुढच्या शनिवारी दोन लग्नं होती.